झडप पडते तेव्हा

मे महिना संपत आला की आमच्याकडे दोन वास एकदम येतात. पहिला आठवडे बाजारातला. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट आणि बोंबील विकणाऱ्या बायका ताडपत्री अंथरून बसतात, आणि तो वास पार एस.टी. स्टँडपर्यंत पसरतो. दुसरा वास आमच्या घरामागच्या कॅनॉलचा. धरणातून शेवटचं उन्हाळी आवर्तन सुटण्याआधी कॅनॉल महिनाभर कोरडा असतो. तळाचा भेगाळलेला गाळ, वाळलेलं शेवाळ, कुणीतरी फेकलेली पोती, मेलेले खेकडे, असं सगळं दिवसभर उन्हात तापतं आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर घरात शिरतं.

हे वास वेगवेगळे आले तर मला काही होत नाही. एकत्र आले की मी खिडकी लावून घेते.

"एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावतीस?" आई विचारते.

"डास येतात."

आई पुढे काही विचारत नाही. मी कमी बोलते, हे घरात सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. पण त्या दोन वासांचा मिळून जो एक वास होतो तो मला नीट ओळखता येतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीचा वास तसाच असतो. पाच वर्षांपूर्वी एक अख्खा उन्हाळा मी त्या वासात राहिले.

गावाचं नाव लिहीत नाही. कोकणातलं, खाडीच्या तोंडाशी असलेलं मासेमारीचं गाव. एकेकाळी ते मोठं बंदर होतं. इथून गलबतं अरबस्तानापर्यंत जायची असं तिथली म्हातारी माणसं सांगत, आणि सांगताना हात खाडीकडे करत. मी त्या दिशेला पाहिलं की मला नुसता चिखल दिसायचा आणि त्यावरची झाडी. खाडी गाळानं भरत गेली, मोठी जहाजं यायची थांबली आणि गावाला तिन्ही बाजूंनी तिवराच्या झाडांनी वेढलं. जुन्या धक्क्याच्या दगडांच्या फटींतून तिवरं उगवली होती. जकातीच्या इमारतीला छप्पर नव्हतं, आत शेळ्या बसत. किल्ल्याचा एक सुटा बुरूज पार झाडीच्या आत, खाडीच्या एका ओहोळापलीकडे उभा होता. त्याच्या पायथ्याशी एक तोफ चिखलात तोंड खुपसून पडलेली होती. त्या तोफेला लोक होड्या बांधत.

मी समुद्र बघायला मिळणार म्हणून खूश होऊन गेले होते. समुद्र तिथून दिसतच नव्हता. त्याचं पाणी मात्र दिवसातून दोनदा झाडांच्या बुंध्यांमधून गुपचूप आत येई आणि दोनदा निघून जाई.

शेतकीच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष होतं. प्रकल्पासाठी मी खारजमीन निवडली होती, म्हणजे समुद्राचं पाणी बांध घालून अडवून जिथे भात पिकवतात ती जमीन. बांधाच्या आतली माती ठरावीक दिवसांनी खणायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची, एवढंच काम. निवडण्याचं खरं कारण वेगळं होतं. या कामात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

राहायला खोली मिळाली ती येसूमावशीकडे. मावशी कोळीण, साठीच्या आसपासची, विधवा. मुलगा दुसऱ्या बंदरात ट्रॉलरवर होता, सून आणि नात घरी. मावशी सकाळी बोंबील वाळत घाली आणि ओहोटी लागली की टोपली घेऊन खाडीत शिंपल्या काढायला उतरे. अंगणात बांबूच्या वलाणी होत्या, त्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले असत. पहिल्या दिवशी मी त्यांच्याखालून वाकून गेले तेव्हा ती मोठ्यानं हसली.

"अगो, ते मेलेलं हायत. चावनार नाय."

मी कसनुसं हसले.

"बोलत का नाय गो? तोंडान पानी भरून ठेवलंस काय?"

हा प्रश्न तिनं पुढचे दोन महिने रोज विचारला. मी रोज तसंच हसले. तिला राग येत नसे. माझ्या वाटणीचं बोलणं तीच बोलून टाकी. चिखलातून बोटभर उंचीच्या हजारो मुळ्या वर आलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पेन्सिली रोवून ठेवल्यात. मी त्यांच्याकडे बघत उभी आहे हे पाहून ती म्हणाली, "ती तिवराची नाकं. खाली चिखलान श्वास कसा घेनार? म्हनून नाक वर." आणि स्वतःचं नाक आभाळाकडे करून दाखवलं. मी वहीत त्याचं इंग्रजी नाव लिहिलं. तिचं वाक्यही लिहिलं, इंग्रजीतच. ते वाचताना आता मला वाईट वाटतं. त्या वहीत मावशीचा आवाज कुठेच नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं मला उघाडी दाखवली. खारजमिनीच्या बांधाला एका जागी दार ठेवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. दार म्हणजे समुद्राच्या बाजूला वरून बिजागरीनं लटकवलेली एक जाड लोखंडी झडप. ओहोटी असली की आतलं साचलेलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती लागली की बाहेरचं पाणी तिच्यावर रेटा देतं आणि ती आपोआप मिटते. माणूस लागत नाही.

"आवाज आयकून ठेव," मावशी म्हणाली. "झडप पडली की समजायचं, दर्या निघाला. मग कुनी खाली नाय रवायचं. पुढून येतो तसा मागून पन येतो तो. आयकलंस?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल, आयकलं."

"ऐकलं."

हेही वहीत आहे. खाली रेघ मारलेली आहे.

माझे वडील पाटकरी होते. कॅनॉलचं पाणी कोणत्या चारीला कधी सोडायचं, कुणाची पाळी कधी संपते, कोणतं दार किती उचलायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. तीस वर्षं त्यांनी मुळा धरणाच्या पाण्याची दारं उघडली आणि बंद केली. पाण्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत आणि तसं ऐकायची गरजही पडत नसे. आमच्याकडचं पाणी तारीख सांगून येतं. वरून येतं, खाली जातं, आणि दार बंद केलं की थांबतं.

मोबाईल नव्हते तेव्हा पाणी आल्याची बातमी हाकेनं पुढे जाई. कोरड्या कॅनॉलमध्ये पहिलं पाणी दिसलं की काठावरचा माणूस छाती भरून ओरडायचा, "आलं ओऽऽ, आलंऽऽ!" पुढच्या वस्तीवरचा ती हाक उचलायचा, मग त्याच्या पुढचा. खाली कॅनॉलच्या पात्रात कुणी कपडे धुवत असेल, जनावर बसलं असेल, पोरं खेळत असतील, सगळी वर यायची. पप्पांची हाक सगळ्यात लांब जायची. लोक म्हणत, पाटकऱ्यानं देवळालीत तोंड उघडलं तर राहुरीत भांडी हलतात.

तो आवाज घेऊन ते मला न्यायला शाळेत यायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, आमच्या पट्ट्यातली तेव्हाची एकुलती एक. तिथे आम्हाला हळू बोलायला शिकवत. मोठ्यानं बोललं की बाई ओठांवर बोट ठेवत, आणि मला ते आवडायचं, कारण ती एक गोष्ट मला सगळ्यांपेक्षा चांगली जमायची. पप्पा फाटकाशी सायकल लावत आणि पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक मारत, "ए दिदीऽऽ!" मुलं हसायची. एक मुलगा त्यांची नक्कल करायचा. चौथीत असताना एक दिवस मी घरी येताना सायकलवर मागून त्यांना म्हटलं, "पप्पा, ओरडू नका ना शाळेत."

 दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाशी गप्प उभे राहायचे. माझं लक्ष जाईपर्यंत थांबायचे. लक्ष गेलं की हात खांद्याइतका वर करायचे, जरासाच, जणू कुणी बघितलं तर लगेच खाली घेता यावा. दहावीपर्यंत तसंच. मला वाटायचं, बरं झालं, समजलं त्यांना.

मे महिन्यात ते मला भेटायला त्या गावी आले. समुद्राकाठी जाण्याची त्यांची पहिलीच वेळ. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पिशवीत बाजरीचं पीठ आणि कांदे. मावशीला बघताच हात जोडून म्हणाले, "ताई, आमची पोरगी लई बोलती का हो?"

"कान दुखले माझं," मावशी म्हणाली, आणि दोघं असे हसले की वलाणीवरचे कावळे उडाले. मी पहिल्यांदाच पाहिलं की पप्पांचा आवाज कुणाला जड वाटत नाहीये. मावशीचा आवाजही तसाच होता. ती खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या होडीशी बोलायची.

पण उघाडी पाहिली तेव्हा ते गप्पच झाले. लहान मूल खेळण्याभोवती फिरतं तसे त्या झडपेभोवती फिरले. बांधावर दोन म्हातारे जाळी विणत बसले होते, त्यांना म्हणाले, "म्हंजी हिला पाटकरी लागत न्हाई? आपापली उघडती, आपापली मिटती? मग आमी तीस वर्सं काय केलं ओ?"

म्हातारे हसले. एक म्हणाला, "आमच्याकडे या. हितं नुसतं बसायचं काम."

ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे झालं.

ओहोटी होती. मी बांधावर पिशव्यांना चिठ्ठ्या लावत होते. मावशी डाव्या हाताला बरीच लांब, झाडीच्या कडेला वाकून शिंपल्या काढत होती. ते दोन म्हातारे खाडीकडे पाठ करून जाळ्याशी बसले होते. पप्पांनी पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळला आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरले. त्यांना झडप समोरून बघायची होती. मग पलीकडचा बुरूज आणि ती तोफ जवळून बघायची होती. उतरताना मावशीनं लांबून ओरडून सांगितलं, "भाऊ, लवकर वर या हां!" त्यांनी हात केला.

ते झडपेपासून थोडे पुढे गेले होते. ओहोळात घोटाभर पाणी होतं. तेवढ्यात झडप पडली.

मोठा आवाज नसतो तो. धप्प. कणकेचा गोळा परातीत टाकावा तसा.

पप्पा वळले. त्यांनी मिटलेल्या झडपेकडे पाहिलं, खालच्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. मी तो चेहरा ओळखत होते. दार नीट बसलं की त्यांचा तसा चेहरा व्हायचा. "दार पडलं बघ, दिदी," ते खालून म्हणाले. "आता हे खालचं पाणी वसरंल."

तीस वर्षं त्यांच्या समोर हेच होत आलं होतं. दार बंद झालं की खालच्या अंगाचं पाणी ओसरतं, आणि माणूस निर्धास्तपणे पात्रात उतरतो. समुद्राच्या बाजूला उभं राहून ते स्वतःला दाराच्या खालच्या अंगाला समजत होते. ते ओहोळ ओलांडून बुरजाकडे निघाले.

मला माहीत होतं. हे मला लिहायला हवं आहे, आणि ते लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. मी आवाज ऐकला होता आणि त्याचा अर्थ मला माहीत होता. वहीत खाली रेघ मारलेली होती. मी उठून उभी राहिले. तोंडही उघडलं. आणि मला ते दोन म्हातारे दिसले. काल ज्यांच्यासमोर पप्पा पाण्यातलं सगळं कळणारा माणूस होते, त्यांच्यासमोर मी ओरडून सांगणार होते की पप्पा, तुम्हाला कळत नाही. शिवाय ओरडायचं कसं, हेच मला ठाऊक नव्हतं. मी कधी ओरडलेच नव्हते. मी म्हटलं, "पप्पा." समोर बसलेल्या माणसाला म्हणावं तसं. ते पन्नास पावलांवर होते.

मग मी थांबले. वाटलं, येतीलच. त्यांना दिसेलच. ते पाण्यातले आहेत.

किती वेळ थांबले, सांगता येत नाही. तोफेपाशी पोचून त्यांनी तिच्यावर हात फिरवला, वाकून तिच्या तोंडात पाहिलं, एवढं मला आठवतं. पाणी समोरून येताना दिसलंच नाही. ते झाडांच्या मागून आलं, मुळ्यांच्या त्या हजारो नाकांमधून, आवाज न करता, आणि मधल्या ओहोळात उतरलं. पप्पा परत फिरले तेव्हा घोटाभर पाण्याचं मांडीभर झालं होतं. त्यांनी पाय घातला आणि पाय निघाला नाही. दुसरा घातला. तोही निघाला नाही. पप्पांना पोहता येतं, विहिरीत सूर मारणारे आहेत ते. पण त्या चिखलात पोहणं काय कामाचं.

ते ओरडले नाहीत. ज्यांच्या आवाजानं राहुरीत भांडी हलायची ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. खांद्याइतका. जरासाच.

मग मावशीची हाक आली. झाडीच्या कडेनं ती धावत येत होती आणि धावता धावता ओरडत होती, "उभा नको रवूस! आडवा पड! आडवा!" पप्पा आडवे पडेनात. पांढऱ्या कपड्यांत, माणसांसमोर, चिखलात आडवं पडायचं त्यांना कळेचना. पाणी कमरेला आलं. म्हातारे उठून दोर आणायला पळाले. मावशीनं पायातल्या प्लास्टिकच्या चपला चिखलात रुतत होत्या म्हणून वाटेतच सोडल्या आणि जुन्या धक्क्याच्या दगडांवरून उड्या घेत ओहोळात उतरली. त्या दगडांना कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या असतात, पात्यासारख्या. तिनं टोपली उपडी करून पप्पांच्या छातीखाली सरकवली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना अक्षरशः लोळवलं, आणि म्हाताऱ्यांचा दोर येईपर्यंत तशीच धरून ठेवलं. वर आले तेव्हा पप्पा ओळखू येत नव्हते. डोळे तेवढे पांढरे.

मावशी बांधावर बसली आणि तिनं पाय वर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत तळवा उघडला होता. चिखल, आणि चिखलातून लाल.

"मिठाच्या पान्यान काय नाय होत," ती म्हणाली, आणि पदराची पट्टी फाडून बांधली. "भाऊ, तुमच्या धरनान सांगा, दर्याला पाटकरी नाय म्हनून."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी तिच्या दुसऱ्या पायाला हात लावून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. माझं काम संपायला आठवडा होता, पण पप्पांना मला तिथे ठेवायचं नव्हतं. निघताना मावशी उंबऱ्यात बसली होती. पायाची पट्टी ओली होती आणि तिला वास येत होता. तिला साखर होती हे मला माहीत होतं, तिच्या गोळ्या मीच वाचून देत असे. मी म्हटलं, "मावशी, डॉक्टरकडे जा." एकदाच म्हटलं. ती म्हणाली, "जाईन गो." पुन्हा म्हणावं, सुनेला बाजूला घेऊन सांगावं, पप्पांना सांगावं, हे सगळं मनात आलं. बसची वेळ झाली होती. बस आली.

घरी पोचल्यावर गोष्ट तयार झाली. पप्पांनीच ती केली. पाहुण्यांना, चुलत्यांना, शेताच्या बांधावरच्या माणसांना ते सांगायचे, "आमच्या दिदीनं हाक मारली म्हणून वाचलो. नाहीतर बोंबलांनी खाल्लं असतं." का तसं सांगत होते, मला कळत नाही. चिखलात कानांत पाणी गेलं होतं, पहिला बाईमाणसाचा आवाज त्यांना माझा वाटला असेल. किंवा त्यांना तो माझाच हवा असेल. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, "शांत दिसती, पण वेळेला आवाज काढला पोरीनं." मी कसनुसं हसायचे.

श्रावणात मावशीच्या सुनेचा फोन आला. पाय गुडघ्याखालून काढला होता. कोळी लोक दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात घालत होते, त्याच आठवड्यात. पप्पा एकटेच जाऊन आले. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. कांद्याचं पोतं तिथे ठेवून आले आणि दोन दिवस कॅनॉलच्या काठावर बसून राहिले. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात ते मला सांगतात, "मावशीला फोन लाव." मी लावून देते. ते बोलतात, हसतात. मी फोन हातात घेत नाही.

पप्पा आता निवृत्त आहेत. तरी आवर्तन सुटायच्या आधी ते आमच्या चारीच्या तोंडाची जाळी साफ करायला कॅनॉलमध्ये उतरतात. नवा पाटकरी पोरगेला आहे, तो मोबाईलवर ग्रुपमध्ये मेसेज टाकतो, पाणी अमुक वाजता अमुक मैलावर. हाक कुणी देत नाही.

यंदा ते असेच खाली उतरले होते, सकाळचे नऊ वाजले असतील, आणि त्यांचा फोन माझ्याकडे होता. मावशीचाच फोन आला.

"भाऊ कुठं हायत?"

"कॅनॉलमध्ये."

"अगो, बोललीस की!" ती हसली. आवाज तसाच होता, खाडीपलीकडे जाणारा. "बरी हाय मी. बसून सुका जवला निवडते. एक पाय गेला ते बरं झालं, चपलेचा जोड दोन वरसं पुरतो."

मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी झडप पडली ती मी ऐकली होती."

तिच्या मागे कावळे ओरडत होते, आणि सून त्यांना हुसकत होती.

"मना म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "मी पन आयकली. बघितलं तर तू बांधावर उभी. मी म्हटलं, पोर हाक मारेल. बापाला पोर हाक मारेलच की. म्हनून मी हात धुवत रायले. शिंपल्या टोपलीन भरल्या. मग बघते तर तू उभीच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्याच येलेला निघाले असते तर कडेच्या चिखलातून आले असते. ते दगड नसते लागले." तिनं हे कुरकुरीच्या सुरात म्हटलं नाही. वाट कशी आहे ते सांगावं तसं म्हटलं. मग म्हणाली, "वलानीवर कावलं बसलं गो. ठेवते." आणि ठेवला.

मी फोन तसाच हातात धरून मागच्या दारानं बाहेर गेले. पप्पा कॅनॉलच्या तळाशी वाकून जाळीत अडकलेलं पोतं ओढत होते. पात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडं, पांढरंफटक. मेसेज सकाळीच आला होता, पाणी यायला अजून दीड तास होता. ते मला माहीत होतं.

"पप्पा!"

त्यांनी ऐकलं नाही.

"पप्पाऽऽ! वर याऽऽ!"

माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो मध्येच फाटला. काठानं जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं गाडी थांबवली. पप्पांनी वर पाहिलं आणि ओरडले, "काय झालं? दीड तास हाय अजून!"

"वर याऽऽ!"

ते पोतं तिथेच टाकून चढू लागले. वर आल्यावर धापा टाकत माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आई बरी हाय ना?"

"बरी आहे. त्या दिवशी मी हाक मारली नव्हती."

कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

"झडप पडली ते मला कळलं होतं. मी नुसती उभी राहिले. हाक मावशीनं मारली."

मोटरसायकलवाला निघून गेला. पप्पा काठावर खाली बसले आणि पायाला लागलेला वाळका गाळ काडीनं खरवडू लागले. बोटांच्या बेचक्यातला, टाचेचा, तळव्याचा. बराच वेळ तेच करत राहिले. पाय स्वच्छ झाल्यावरही काडी थांबली नाही.

"तिनं कदी सांगितलं न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

मी त्यांच्याशेजारी बसले. ऊन चढत गेलं. आई एकदा दारात येऊन पाहून गेली.

पाणी वेळेवर आलं. वरून आलं. पुढे काड्याकुड्यांचा, फेसाचा, प्लास्टिकचा एक मळका काठ आणि मागे पाणी, तडे बुजवत, सावकाश. ते आमच्यासमोर आलं तेव्हा पप्पांनी सवयीनं हाकेसाठी छाती भरून घेतली, मान वर केली. आणि घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.